अकरा वेळा

माझे अब्बा ड्रायव्हर. दुबईत बावीस वर्षे त्यांनी एका बांधकाम कंपनीची बस चालवली. पहाटे कॅम्पवरून मजूर भरायचे, साइटवर सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. आता ते गावी असतात. आमच्याकडे एक जुनी ओम्नी आहे, तिच्यातून ते मला रोज तालुक्याच्या शाळेत सोडतात. बस असो की ओम्नी, चावी फिरवण्याआधी ते क्षणभर थांबतात आणि ओठातल्या ओठात म्हणतात, 'तवक्कल्तु अलल्लाह.' या अंकाच्या वाचकांना त्याचा अर्थ सांगायला नको. घराचा उंबरा ओलांडताना आपल्या अम्मीने, दादीने हे शब्द आपल्याकडून म्हणवून घेतलेले असतात. माझ्या शाळेतही पहिलीच्या मुलांना ते पाठ असतात.

हेच शब्द एका विमान अपघाताच्या तपासात पुरावा म्हणून आले, हे मला तिसरीत असताना कळले.

1999 चा नोव्हेंबर महिना होता. सुट्टीवर आलेल्या एका गाववाल्याबरोबर अब्बांनी नेहमीप्रमाणे पत्र आणि सामान पाठवले होते. टँगची बाटली, अम्मीसाठी कापड आणि या वेळी उर्दू वर्तमानपत्राचे एक कात्रण. चाचांनी ते ओटीवर बसून मोठ्याने वाचले. 31 ऑक्टोबर 1999 च्या पहाटे न्यूयॉर्कहून काहिऱ्याला निघालेले इजिप्तएअरचे 990 क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले होते. विमानात 217 माणसे होती, एकही वाचले नाही. अमेरिकेच्या नँटकेट बेटाच्या दक्षिणेला समुद्रातून विमानाचा आवाज टिपणारा पेटारा काढण्यात आला आणि त्यात सहवैमानिकाचे शब्द सापडले. तेच ते शब्द.

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर लगेच येऊ लागले, की सहवैमानिकाने प्रार्थना म्हटली आणि विमान समुद्रात घातले. 'मी आता निर्णय घेतला आहे' असेही एक वाक्य त्याच्या तोंडी घालण्यात आले. काही दिवसांनी असे वाक्य फितीवर नाहीच, हे अधिकाऱ्यांना मान्य करावे लागले. पण बातमी जगभर फिरून आली होती. खुलासा कोण वाचतो?

अब्बांनी कात्रणाच्या कडेला पेनने लिहिले होते, 'आमच्या कंपनीतला मिसरी फोरमन दोन दिवस जेवला नाही. म्हणतो, मी रोज सकाळी क्रेन सुरू करताना हेच म्हणतो, मग मीही खुनी का?'

आमच्या घरात विमानाची भीती आधीपासून होती. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पडले. 213 माणसे गेली. कोकणातल्या कोणत्याही मुसलमान वस्तीत त्या काळातल्या माणसांना विचारा, हे विमान आठवते. ज्या घरातला मुलगा आखाताच्या वाटेवर होता, त्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही, असे दादी सांगायची. तेव्हाही लोक घातपाताची कुजबुज करत होते. चौकशीत निघाले ते वेगळेच. कॅप्टनसमोरचे, विमान किती कलले ते दाखवणारे यंत्र बिघडले होते. बाहेर काळाकुट्ट समुद्र, डोळ्यांना क्षितिज नाही. यंत्राने दाखवले की विमान उजवीकडे कलले आहे, म्हणून त्याने ते डावीकडे वळवले आणि वळवतच राहिला. दादीला हा निष्कर्ष अखेरपर्यंत पटला नाही. "एवढा शिकलेला माणूस समुद्र आणि आभाळ ओळखणार नाही?" असे ती म्हणायची. संशय आमच्याकडे वारशानेच आला म्हणायचा.

तर तो मिसरी फोरमन माझ्या मनात बसला. अब्बाही हेच शब्द म्हणतात, म्हणजे उद्या अब्बांच्या बसला काही झाले तर त्यांनाही असेच म्हणतील, हा हिशेब आठ वर्षांच्या मुलीने केला. पुढे बी.एड. करताना वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता 'माध्यमे आणि अल्पसंख्याक'. मी 990 चा किस्सा रंगवून सांगितला. 'केवळ दोन शब्दांवरून अमेरिकेच्या सरकारी अहवालाने एका मुसलमान वैमानिकाला आत्महत्या करणारा ठरवले', हे माझे वाक्य होते. टाळ्या पडल्या, पहिले बक्षीस मिळाले. ती ढाल अजून घरी शोकेसमध्ये आहे. नंतर वर्गातही हा किस्सा मी कितीदा तरी सांगितला. तो अहवाल मी वाचला होता का? नाही. वाचायला हवा, हे डोक्यातही आले नाही.

2025 च्या जुलैत ती वेळ आली. 12 जूनला अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे 171 क्रमांकाचे विमान उडाल्यावर काही क्षणांत डॉक्टरांच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातल्या 242 पैकी एक जण वाचला, जमिनीवरचे 19 धरून 260 माणसे गेली. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. त्यात होते, की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन तोडणारे खटके एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारले, तू इंधन का तोडलेस? दुसरा म्हणाला, मी तसे केले नाही. साधारण दहा सेकंदांनी खटके पुन्हा पूर्ववत झाले, पण उंची उरली नव्हती. कोण काय बोलले ते अहवालात सांगितले नव्हते, मूळ शब्दही दिले नव्हते, नुसता आशय होता. तेवढ्यावर परदेशी वर्तमानपत्रांनी कॅप्टनकडे बोट दाखवायला सुरुवात केली. दोन्ही वैमानिक मुंबईचे. इकडे लोकांचा त्या अहवालावर विश्वास बसेना. कंपनीला वाचवण्यासाठी मेलेल्या माणसावर ढकलतात, असे जो तो म्हणू लागला.

नववीच्या वर्गात पोरांनी विषय काढलाच. "मॅडम, पायलट ने जान बूझकर किया क्या?" मी काही बोलण्याआधी मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "अच्छा हुआ मॅडम, पायलट मुसलमान नहीं था."

वर्ग एकदम गप्प झाला. पंधरा वर्षांच्या मुलीने 260 मृत्यूंच्या बातमीत आधी कशाची खात्री करून घेतली होती, ते आम्हा सगळ्यांना कळले. मला तिच्यावर रागावता आले नाही. अशी बातमी ऐकली की मीही आधी नावच बघते.

मग नेहमीच्या सवयीने मी 990 ची गोष्ट सुरू केली. दोन शब्द, सरकारी अहवाल, आत्महत्या. सांगून झाल्यावर एका मुलाने विचारले, "मॅडम, रिपोर्ट में सच में सुसाइड लिखा है?" त्याला शंका नव्हती. वहीत उतरवून घ्यायचे होते, इतकेच.

मी म्हणाले, उद्या सांगते.

तो 'उद्या' यायला तीन आठवडे लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा मार्च 2002 चा अहवाल भाचीकडून छापून घेतला आणि शब्दकोश घेऊन बसले. आमचे इंग्रजी म्हणजे उर्दू शाळेचे इंग्रजी. पण त्यातले मुख्य वाक्य कळायला शब्दकोशाची गरज नव्हती. सहवैमानिकाने नियंत्रणांच्या ज्या हालचाली केल्या त्यांमुळे विमान खाली गेले आणि त्याने त्या का केल्या याचे कारण ठरवता आलेले नाही. निष्कर्ष एवढाच. आत्महत्या हा निष्कर्ष नाही. धर्म हा तर कारणांत कुठेच नाही.

ते वाक्य मी तीन-चार वेळा वाचले. शोकेसमधली ढाल आठवली.

पुढचे वाचताना त्याहून अवघड गेले. मी समजत होते की सगळे त्या शब्दांवर उभे आहे. तसे नव्हते. तो दिवस असा होता. कॅप्टन शौचालयाला म्हणून उठून गेला. आसनावर राखीव सहवैमानिक एकटा होता. विमान 33,000 फुटांवर सरळ चालले होते. त्याने हळू आवाजात एकदा ते शब्द म्हटले. मिनिटभराने ऑटोपायलट बंद झाला. पुन्हा तेच शब्द. मग दोन्ही इंजिनांची ताकद कमीत कमी केली गेली आणि नाक खाली गेले. कॅप्टन धडपडत परतला, काय चालले आहे, काय चालले आहे, असे विचारत राहिला. त्याला उत्तर नाही, तेच शब्द. अहवालात मोजून दिले आहे, एकूण अकरा वेळा.

विमानाच्या शेपटीला दोन पंखांसारखे भाग असतात, एलिव्हेटर म्हणतात त्यांना. नाक वर-खाली करायचे काम त्यांचे. दोन्ही एकदमच हलतात. पण त्या रात्री शेवटच्या काही सेकंदांत डावा भाग नाक वर आणण्याच्या दिशेला होता आणि उजवा खाली नेण्याच्या. डावीकडे कॅप्टनची जागा, उजवीकडे सहवैमानिकाची. त्याच वेळी इंजिनांचे इंधन तोडणारे दांडे 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. कॅप्टनने विचारले, तू इंजिने बंद केलीस? उत्तर आले, बंद आहेत. मग कॅप्टन म्हणत राहिला, माझ्याबरोबर ओढ, माझ्याबरोबर ओढ. तिथे फीत संपते.

अहमदाबादचा अहवाल नुकताच वाचलेला असल्यामुळे या ठिकाणी माझ्या अंगावर काटा आला. सव्वीस वर्षांच्या अंतराने दोन कॉकपिटमध्ये जवळजवळ एकच प्रश्न विचारला गेला. उत्तरे मात्र उलट. एक म्हणाला बंद आहेत, दुसरा म्हणाला मी केले नाही. म्हणून एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजता येणार नाही.

मिसरची बाजूही वाचली. वाचणे भागच होते. अपघात आंतरराष्ट्रीय समुद्रात झाला, म्हणून नियमाप्रमाणे तपासाचा पहिला हक्क इजिप्तचा होता. त्यांनी तो आपणहून अमेरिकेकडे सोपवला. दोन आठवड्यांत अमेरिकेचे मंडळ तो एफबीआयकडे, म्हणजे गुन्ह्याचा तपास करणाऱ्यांकडे द्यायला निघाले, तेव्हा इजिप्तने हरकत घेतली. इजिप्तच्या नागरी विमान खात्याचे म्हणणे, उजव्या एलिव्हेटरच्या यंत्रणेत बिघाड झाला. अवशेषांत तुटलेले रिव्हेट सापडले होते, त्यावर त्यांचा भर होता. अमेरिकन मंडळाचे उत्तर, असे बिघाड आम्ही तपासून पाहिले, त्यांनी विमानाची नोंदलेली चाल जुळत नाही आणि तसा बिघाड झाला तरी विमान सावरता आले असते. इजिप्तने हे कधीच मान्य केले नाही. तिकडच्या सामान्य माणसाच्या संशयाला आणखी कारण होते. विमानात परत जाणारे 33 लष्करी अधिकारी होते आणि काहिऱ्याच्या वर्तमानपत्रांना ही बातमी छापू दिली नव्हती. ज्या देशात आपलेच सरकार खरे सांगत नाही, तिथे परक्या सरकारच्या कागदावर कोण विश्वास ठेवणार?

आणि असा संशय प्रत्येक वेळी खोटाच असतो असेही नाही. 2018 च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात लायन एअरचे बोइंग मॅक्स पडले, 2019 च्या मार्चमध्ये इथिओपियात तसलेच दुसरे. दोन्ही मिळून 346 माणसे. तेव्हाही त्या देशांच्या वैमानिकांच्या शिक्षणावर शेरे मारण्यात आले. नंतर बाहेर आले, की कंपनीने बसवलेली एक संगणकीय यंत्रणा एकाच संवेदकाच्या चुकीच्या आकड्यावर नाक खाली दाबत होती आणि पहिला अपघात होईपर्यंत वैमानिकांना ती आहे हेसुद्धा सांगितलेले नव्हते. तेव्हा ज्यांनी गप्प बसून अहवाल मान्य केला नाही, ते बरोबर होते.

पण माझा प्रश्न वेगळा होता. मी इतकी वर्षे ज्याच्यावर संशय घेत होते तो अहवाल नव्हताच. ती 1999 च्या नोव्हेंबरातली फुटलेली बातमी होती. बातमी वाईट होती, तिने आपल्या रोजच्या शब्दांना डाग लावला, हे खरेच आहे. त्या रागात मी अडीच वर्षांनी आलेला कागद न वाचताच जाळून टाकला होता. त्यात वैमानिकाच्या मनात शिरायला मंडळाने नकार दिला होता. मी मात्र भाषणात तेच त्यांच्या तोंडी घातले. 'मी आता निर्णय घेतला आहे' हे वाक्य ज्यांनी त्या माणसाच्या तोंडी घातले, त्यांच्यात आणि माझ्यात किती फरक होता, याचा विचार मी त्या रात्री करत बसले. मजा म्हणजे 2015 साली जर्मनविंग्जचा सहवैमानिक कॅप्टनला बाहेर कोंडून 150 जणांना घेऊन आल्प्सच्या डोंगरावर आदळला, तेव्हा फितीवर त्याचा एकही शब्द नव्हता. नुसता श्वास. तरी तपास झाला, कारण हातांनी काय केले याची नोंद होती. शब्दांवाचून अडले नाही.

वर्गात जाऊन मी सांगितले की माझे चुकले होते. 'रिपोर्ट में सुसाइड नहीं लिखा है.' विचारणाऱ्या मुलाने वही काढून आधीचे वाक्य खोडले. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "तो मॅडम, उसने किया था या नहीं?" मी म्हणाले, हातांनी केले असे ते म्हणतात, का केले ते माहीत नाही असेही म्हणतात आणि इजिप्त म्हणतो केलेच नाही. तिला हे उत्तर आवडले नाही. खरे सांगायचे तर मलाही आवडत नाही. अहमदाबादच्या कॅप्टनचे म्हातारे वडील नंतर सुप्रीम कोर्टात गेले, निःपक्ष चौकशी मागायला. पुढे 2025 च्या नोव्हेंबरात कोर्टाने त्यांना सांगितले, की तुमच्या मुलाला कोणी दोषी धरत नाही, हे ओझे तुम्ही वाहू नका. बातमी वाचली तेव्हा मला काहिऱ्यातल्या त्या सहवैमानिकाचे घर आठवले. त्याची निवृत्ती जवळ आली होती. त्याच्या घरच्यांना हे वाक्य कोणीच म्हटले नसेल.

अब्बांना सांगायचे राहिले होते. ते मी टाळत होते. शेवटी एका रविवारी दुपारी जेवणानंतर त्यांना सगळे सांगितले. सेकंदासकट. ते पानाचा डबा उघडून बसले होते, पान लावायचे राहून गेले.

"अकरा वेळा?" त्यांनी विचारले.

"हो."

"आपण चावी फिरवताना एकदाच म्हणतो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले विषय संपला. तेवढ्यात ते म्हणाले, "खोरफक्कानच्या उतारावर एकदा माझ्या बसचे ब्रेक गेले होते. मागे चाळीस माणसे. तुझ्या अम्मीला हे मी सांगितलेले नाही. तेव्हा मी काय म्हणालो माहीत आहे? मला आठवत नव्हते, मागच्या माणसांनी सांगितले. मी 'पकडो, पकडो, सीट पकडो' एवढेच ओरडत होतो. अल्लाहचे नाव घेतले ते गाडी वाळूत घुसून थांबल्यावर."

"तो कॅप्टन ओरडत होता ना, ओढ म्हणून?"

"हो."

"तो ड्रायव्हर." अब्बांनी डबा बंद केला. "पण दुसऱ्याच्या दिलात काय होते ते मी बोलणार नाही. तुझे अमेरिकावालेही बोलले नाहीत ना?"

"नाही बोलले."

"मग तो मिसरी उगाच दोन दिवस उपाशी राहिला," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "उगाच नाही. पेपरवाल्यांनी राहायला लावला."

ढाल मी काढून ठेवायला निघाले तर अम्मीने ठेवू दिली नाही. मुलीला बक्षीस मिळाले एवढेच तिला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवार. रात्रभर पाऊस झाला होता आणि ओम्नी सुरू होईना. अब्बांनी चावी फिरवली, इंजिन खोकले आणि बंद पडले. पुन्हा फिरवली. प्रत्येक वेळी आधी ओठ हलत होते. चौथ्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा मी मोजत होते हे त्यांच्या लक्षात आले. काच पुसायचे फडके त्यांनी माझ्याकडे फेकले आणि म्हणाले, "पूस. उशीर होतोय तुला."